रिकामं पाणी

आमच्या उपग्रहाचं कागदोपत्री नाव लांबलचक आहे, आकडे आणि आडव्या रेघांनी भरलेलं. ऑफिसात त्या नावानं त्याला कोणी हाक मारत नाही. आम्ही त्याला डबा म्हणतो. आहेही तसाच. बुटांची दोन खोकी शेजारीशेजारी ठेवावीत एवढा आकार, वजन अकरा किलो, दोन्ही बाजूंना सौरपट्ट्यांचे पंख आणि तळाला एक भिंग. पाचशे किलोमीटर उंचीवरून दीड तासात पृथ्वीला एक फेरी घालतो आणि आम्ही सांगू तिथली चित्रं काढतो. निदान गिऱ्हाइकांना आम्ही असं सांगतो.

खरं म्हणजे डब्याला काही सांगायचं तर आधी तो आमच्या गच्चीवरच्या अँटेनाच्या थाळीच्या टप्प्यात यावा लागतो. दिवसातून चार-पाच वेळा येतो, दर वेळी आठ-दहा मिनिटं. तेवढ्यात पुढची कामं वर पाठवायची आणि आधीची चित्रं खाली ओढायची. सगळी एका वेळी कधीच येत नाहीत, हौद नळीनं ओढून प्यायल्यासारखं ते काम आहे. एकदा क्षितिजाखाली गेला की साहेब तिकडे काय करताहेत याचा आम्हाला पत्ता नसतो. लोक उंटावरून शेळ्या हाकतात. आम्ही शेळीवर बसून उंट हाकतो.

आम्ही म्हणजे तिघं, काच कापायच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. खाली दिवसभर काच करकरत असते, त्यामुळे आमचे दात कायम आंबल्यासारखे. डबा बांधला तो सरांनी. त्यांना आम्ही मागे ‘अंदाजे’ म्हणतो, कारण घरी कधी जाणार विचारलं तरी ते ‘अंदाजे सहा’ म्हणतात आणि साडेआठला जातात. डब्याच्या डोक्यातले प्रोग्राम लिहिते ती मुंगी. एवढीशी आहे, पण दिवसभर काहीतरी वाहत असते. आणि डब्यानं कुठे कधी बघायचं त्याचं वेळापत्रक मी लावते. आले होते टायपिंगला. बघता बघता शिकले, आणि मग मला कोणी परत टायपिंगला बसवलं नाही.

दादाला माझ्या या नोकरीचं भारी कौतुक. कौतुक करायची त्याची तऱ्हा एकच, टिंगल. तो होडीवरचा माणूस. पहाटे जायचं, जाळं टाकायचं, संध्याकाळी परत.

“काय गं वरची बाई,” तो फोनवर ओरडायचा, “काल मी होडीत आंघोळ करत होतो. बघितलंस ना? सख्ख्या भावाची तरी लाज धर!”

“दादा, आमच्या डब्याचा एक ठिपका पाच मीटरचा असतो. पाच मीटर लांब, पाच मीटर रुंद, एवढ्या जागेचा मिळून एकच रंग. तू, तुझी बादली आणि तुझी आंघोळ, सगळं मिळून त्यात रंगसुद्धा बदलत नाही.”

“म्हणजे माझी किंमत ठिपक्याएवढीही नाही म्हण की.”

“नाहीच मुळी.”

मग तो हसायचा, आणि मागून वहिनी म्हणायची, “बस करा आता, त्यांना कामं असतात.” तिच्या बोलण्यात ‘त्यांना’ म्हणजे मी, आणि ते कौतुकानं म्हटलेलं नसायचं. वहिनी मला पहिल्यापासून पाण्यात पाहते हे अख्ख्या घराला ठाऊक. बरी असली की मी ‘ताई’, आणि काही खुपलं की ‘वन्सं’. पण आमची ती थट्टा तिनं मनात कुठेतरी खरी धरली होती, हे मला एका सकाळी तिचा फोन आला तेव्हा कळलं.

“ताई, हे काल संध्याकाळी यायचे होते. आले नाहीत.”

“फोन?”

“लागत नाही. जोडीदाराची कंबर धरलीय म्हणून एकटेच गेले. मी नको म्हटलं होतं. बंदरावर कळवलंय, शोधबोट निघालीय. पण तुम्ही बघा ना.”

“मी काय बघू?”

“वरून.”

समोरच्या पडद्यावर डब्याचा हिरवा ठिपका कुठल्यातरी बर्फाळ मुलखावरून सरकत होता.

“वहिनी, तो सारखा डोक्यावर नसतो गं. आत्ता तो पृथ्वीच्या पलीकडे आहे.”

“मग बोलवा त्याला,” वहिनी म्हणाली.

सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. “होडी केवढी?”

“नऊ मीटर.”

“म्हणजे अंदाजे दोन ठिपके.” त्यांनी डोळे मिटले. “दोन ठिपके दिसतील. पाणी शांत असेल तर अंदाजे दिसतील.”

“आज?”

“आज त्या बाजूला तो रात्रीचा जातोय. त्याच्याकडे भिंग आहे ताई, कंदील नाही. उद्या सकाळी जाईल, थोडा तिरका करून बघायला लावू.”

पण कुठे बघायला लावायचं? डब्याच्या एका चित्रात, म्हणजे आमच्या भाषेत एका पट्टीत, वीस किलोमीटर रुंदीची जागा मावते, आणि समुद्र काही वीस किलोमीटरचा नसतो. मी वहिनीला बंदरावर जाऊन मला फोन लावायला सांगितला. तिनं तो स्पीकरवर ठेवून तिथल्या माणसांमध्ये धरला. कंबर धरलेला जोडीदार म्हणाला, दक्षिणेला गेला असेल, तिथे परवा चांगलं जाळं लागलं होतं. एक म्हातारा म्हणाला, कुठेही गेला असो, या दिवसांत ओढ बाहेरची असते. तिसरा म्हणाला, बाहेरची कसली ओढ, वारा बघितलास का? म्हातारा त्याच्यावर उखडला. तिघांनी मिळून चार दिशा सांगितल्या. मी पाच पट्ट्या आखल्या, मुंगीनं त्या आज्ञांमध्ये बसवल्या, आणि दुपारी डबा टप्प्यात आला तेव्हा वर पाठवल्या. ‘मिळालं’ असं त्याचं उत्तर आलं. तेवढंच उत्तर तो देतो, पण त्या दिवशी मला ते फार माणसासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो त्या समुद्रावरून गेला. नंतरच्या फेरीत आमच्यावर आला. गच्चीवरची थाळी कण्हत वळली, पडद्यावर ओळी उतरायला लागल्या. आधी नेहमी डब्याची खुशाली येते. बॅटरी ठीक, तापमान ठीक, चाकं ठीक. ही चाकं म्हणजे त्याच्या पोटातले छोटे भोवरे, ती फिरवून तो मान वळवतो. मानही बरोबर वळली होती. मग कामाच्या ओळी आल्या.

चित्रं काढली, पाच. ठेवली, शून्य. पाचही ओळींपुढे एकच शेरा होता, रिकामं.

मुंगीच्या तोंडून आवाज आला, ठेच लागल्यावर येतो तसा.

“झाडू,” ती मला म्हणाली. “मावशी, झाडू बंद करायचा राहिला.”

डब्याच्या पोटात जागा थोडी. म्हणून मुंगीनं त्याला फार आधी एक सवय लावली होती. चित्र काढलं की लगेच तपासायचं. ढग दिसले तर फेकायचं, नुसतं पाणी दिसलं तरी फेकायचं. आमची गिऱ्हाइकं शेतांची, रस्त्यांची, जंगलांची. पाण्याचं चित्र मागतो कोण? या सवयीला आम्ही झाडू म्हणायचो. फेकलेल्या प्रत्येक चित्रापुढे काहीतरी शेरा हवा, म्हणून तेव्हा सहज तिघांनी मिळून शब्द ठरवला होता, ‘रिकामं’. इतके दिवस झाडू आपोआप फिरत होता. रोज केर निघतो त्या घरात झाडणाऱ्याकडे वळून कोण बघतं? सरांना वाटलं मुंगी बंद करेल. मुंगीला वाटलं सर वर आज्ञा पाठवताना करतील. मला झाडू आठवलासुद्धा नाही, मी समुद्र आठवण्यात गुंतले होते.

“परत नाही आणता येणार?” सरांनी विचारलं. त्यांनाही उत्तर माहीत होतं.

“त्या जागेवर त्यानं पुढचं चित्र लिहिलंय,” मुंगी रडत म्हणाली. “कुणाचा तरी गहू.”

वहिनीला फोन कुणी करायचा हा प्रश्नच नव्हता. मशीन बिघडलं म्हणावं असं एकदा मनात आलं. पण मशीन बिघडलं नव्हतं. सांगितलेलं त्यानं अगदी मन लावून केलं होतं.

वहिनीनं सगळं ऐकून घेतलं. मग एकेक विचारत गेली.

“चित्र काढलं होतं ना त्यानं?”

“काढलं होतं.”

“म्हणजे बघितलं.”

“हो.”

“आणि टाकून दिलं.”

“हो, वहिनी. आत काही नाही असं त्याला वाटलं.”

फोनमध्ये बंदरावरचा वारा वाजत होता.

“वन्सं,” ती म्हणाली, “आमचा माणूस होता हो त्यात.”

पुढची संधी एक दिवस सोडून. डबा रोज जगभर भटकतो, पण आपल्याला हव्या त्या जागेवर उन्हाच्या वेळी रोज येत नाही. तिरकी मान करायची म्हटली तरी किती तिरकी करणार? त्या मधल्या दिवशी आम्ही झाडू बंद केला, बंद झाल्याची खात्री केली, आणि मग तिघांनी आळीपाळीनं पुन्हा खात्री केली. चोर गेल्यावर कुलूप ओढून बघतात, त्यातलाच प्रकार.

फेरीच्या दिवशी वहिनी ऑफिसात आली. आधी कधी आली नव्हती. दारातच थांबून तिनं खोली बघितली. दोन टेबलं, वायरींचा गुंता, मुंगीची चप्पल, सरांच्या कपांची रांग.

“इथून चालवता?” तिनं विचारलं.

“इथूनच.”

“मला वाटलं मोठं काहीतरी असेल.”

मी तिला माझी खुर्ची दिली. तिनं पिशवी मांडीवरच ठेवली. माझ्याकडे न बघता म्हणाली, “ते पाण्याचा कॅन भरून नेतात नेहमी. मोठा. हसतात सगळे त्यांना त्यावरून.” कुणाला सांगत होती कोण जाणे. मी “हो” म्हटलं. दादाचा तो कॅन मला माहीत होता. तो दोन दिवस पुरतो हेही माहीत होतं.

थाळी वळली. या वेळी चित्रं ठेवली होती, पाचही. पण दहा मिनिटांत दीड पट्टी खाली येणार, उरलेलं पुढच्या फेरीला.

“आधी कुठली ओढायची?” सर वहिनीकडे वळून म्हणाले. “तुम्ही सांगा. तुम्हाला त्यांच्या वाटा माहीत.”

“मला काय माहीत?” वहिनी म्हणाली. “मी किनाऱ्यावर असते.”

मग मी सांगितलं, बाहेरची आधी. का, ते मलाही सांगता आलं नसतं.

पट्टी ओळीओळीनं उतरली. मुंगीनं ती डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडात उघडली. डब्याच्या भिंगाला आपल्यापेक्षा एक रंग जास्त कळतो, तांबड्याच्याही पलीकडचा. त्या रंगात पाणी काळंकुट्ट दिसतं, आणि पाण्यात जे पाणी नाही ते उजळतं. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात लाट फुटली की फेसही उजळतो. पडद्यावर काळ्या कापडावर साबुदाणा सांडल्यासारखं झालं होतं. आम्ही चौघं त्यावर वाकलो. इतकी वर्षं मला पाण्यात पाहणारी माझी वहिनी माझ्या खांद्याला खांदा लावून पाण्यात बघत होती.

“हा काय?” मुंगीचं बोट थांबलं.

दोन ठिपके, एकाला एक लागून. शेजारच्या फेसापेक्षा ठळक, आणि फेसासारखे कडेला विरत न जाणारे. सरांनी मोजून बघितलं. लांबी बसत होती.

“मोठं करा,” वहिनी म्हणाली.

मुंगीनं मोठं केलं. दोन चौकोन झाले.

“अजून.”

“काकू, अजून मोठं केलं तरी चौकोनच मोठे होतात. आत काही नसतं.” बोलून झाल्यावर मुंगीनं जीभ चावली.

“होडी आहे का ही?”

“होडीएवढं आहे,” मी म्हणाले. “होडी असावी.”

“ते आहेत का तिच्यात?”

“वहिनी, होडी दिसतेय ना. म्हणजे…”

“मी होडीचं नाही विचारलं.”

माणूस या भिंगातून दिसत नाही, असं दादाला मी किती वेळा हसत सांगितलं होतं. तिनं हात पुढे करून पडद्यावरच्या त्या चौकोनांवर बोट ठेवलं. बोटाखाली दोन्ही झाकले गेले.

सरांनी शोधपथकाला फोन लावला. जागेचे आकडे सावकाश, दोनदा वाचून दाखवले. त्या फोनवर त्यांनी एकदाही ‘अंदाजे’ म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं.

“हे कधीचं चित्र?” पलीकडच्या माणसानं विचारलं.

“आज सकाळचं.”

“आता दुपार आहे, साहेब.”

“वाऱ्याचा हिशोब करून पुढची जागा देतो.”

“द्या. बोट दक्षिणेला आहे, ती वळवतो. विमानही सांगतो.”

वहिनी उठली, पिशवी खांद्याला लावली. जिन्यात थांबून म्हणाली, “ताई, तुम्ही जेवलात का काही?” आणि उत्तर ऐकायला न थांबता उतरून गेली.

विमान निघालं आणि अर्ध्यातून परतलं, समोरून ढग भरून आले होते. शोधबोट त्या ढगाखालून चालत राहिली. दुसऱ्या दिवशी डब्याची फेरी त्या समुद्रावर नव्हती. तिसऱ्या दिवशी होती. झाडू बंदच ठेवला होता, त्यामुळे डब्यानं काही म्हणजे काही टाकलं नाही. पाचही पट्ट्या जपून ठेवल्या, आणि आम्ही त्या चार फेऱ्यांत जिवापाड खाली ओढल्या. ढग. कापूस पिंजून ठेवल्यासारखे, या टोकापासून त्या टोकापर्यंत ढग. मुंगीनं प्रत्येक पट्टी तरी पूर्ण बघितली. मध्ये एखादं भोक असेल तर, म्हणाली.

संध्याकाळी शोधपथकाचा फोन आला. बोट त्या जागेवर पोचली होती. मासे पाळायचे मोठे पिंजरे समुद्रात असतात, त्यातल्या एकाचा पांढरा तरंगता सांगाडा तुटून वाहत आला होता. लांबी साधारण नऊ मीटर. आजूबाजूला काही नव्हतं. तो माणूस चांगला होता. “तुमची चूक नाही,” म्हणाला, “आम्हीही दुर्बिणीतून आधी होडीच समजलो.” मग म्हणाला, दक्षिणेचा तुकडा अर्धाच बघून झाला होता, तो आता ढग हटले की बघू.

तो तुकडा अर्धा का राहिला होता, हे खोलीतल्या तिघांनाही कळलं. खाली दुकानात काच करकरत होती.

माझ्या डोक्यात सारखं एकच घोळत राहिलं. ती पहिली टाकून दिलेली चित्रं. होडी दोनच दिवसांपूर्वी निघालेली, कॅनमध्ये पाणी असलेली, आभाळ लख्ख. त्या पाचांपैकी एका पट्टीत कदाचित दोन ठिपके असतील, खरे. कदाचित नसतीलही. डब्यानं बघितलं होतं, पण बघितलेलं लक्षात ठेवायला आम्ही त्याला कधी शिकवलंच नव्हतं.

ढग हटले. बोट दक्षिणेला गेली, विमानही दोनदा गेलं. मग शोध आवरता घेतला. तसं म्हणतात ते, आवरता घेतला, पसारा आवरल्यासारखं. गहूवाले, रस्तेवाले आमच्यावर खेकसायला लागले होते. डब्याचं पोट समुद्रानं आणि ढगांनी भरलेलं, त्यांच्या चित्रांना जागा नव्हती. सर एका सकाळी माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

“ताई, वेळापत्रक पुन्हा जमिनीवर आणावं लागेल.”

“आणते.”

“जेव्हा जेव्हा त्या बाजूनं जाईल तेव्हा एक पट्टी तिकडची ठेवा. तेवढ्यापुरता झाडू बंद. बॅटरी पुरेल.” थोडं थांबून म्हणाले, “अंदाजे.”

तशी एक पट्टी मी ठेवते. कुठे ठेवायची याला आता काही आधार नाही. बंदरावरच्या म्हाताऱ्याला एकदा विचारलं, तर तो म्हणाला, “बाई, आता कुठेही.” त्यामुळे मी कधी बाहेर ठेवते, कधी दक्षिणेला. मुंगी ती पट्टी स्वतःहून उघडते, काळ्या पाण्यावर नाक टेकवून बघते आणि बंद करते.

वहिनीनं सगळ्या फेऱ्या पाठ केल्यात. माझ्याआधी तिला कळतं डबा कधी तिकडून जाणार ते. त्या दिवशी दुपारी फोन येतो. आता ती मला ताई म्हणत नाही आणि वन्संही म्हणत नाही, एकदम बोलायला लागते.

“गेला का वरून?”

“गेला.”

“ऊन होतं?”

“होतं. चांगलं ऊन होतं.”

“काय दिसलं?”

पडद्यावर ती पट्टी अजून उघडीच होती. वरपासून खालपर्यंत एक काळा रंग, मध्ये कुठे फेसाची कणी.

“पाणी,” मी म्हणाले.

“बरं,” वहिनी म्हणाली. “परवा करते फोन.”